पात्रांची चित्रे : परवाना तपासणीच्या नोंदी (मालवण, जून ते सप्टेंबर २०२५)

१४ जून २०२५, शनिवार

आमच्या खेळपुस्तिकेतील बावीस पात्रांची यादी आज पक्की झाली आणि प्रत्येक पात्राला चित्र हवे, हेही ठरले. हा खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि आपापल्या पात्राच्या तोंडून बोलून खेळायचा आहे. कथानक अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराच्या काळात, मालवण आणि वेंगुर्ला यांच्यामध्ये कल्पिलेल्या एका बंदरात घडते. नियमांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, कारण अशाच प्रकारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचा ५.१ क्रमांकाचा नियमसंग्रह जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० या परवान्याखाली खुला झाला आहे. तो मजकूर मराठीत आणून छापायला वेगळी परवानगी लागत नाही, ठरलेली श्रेयओळ तेवढी छापावी लागते. पण त्या संग्रहात मजकूरच आहे, चित्रे नाहीत. नावेचा म्होरक्या तांडेल, सारंग, तोफची, गुरव, वैद्य, दशावतारी नट, मासळी विकणारी गाबतीण, अरब व्यापारी, देवचार आणि गिऱ्हा ही भुते अशा पात्रांचे चेहरे आम्हालाच शोधावे लागणार आहेत. ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. काय शोधले, काय घेतले आणि काय का सोडले, हे पुढे कोणाला पाहावेसे वाटले तर सापडावे, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

छपाईचे मापही ठरवून टाकले. पात्राचे पत्ते ६३ बाय ८८ मिलिमीटरचे असतील. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचे तर चित्र किमान ७४४ बाय १०३९ पिक्सेलचे हवे.

१७ जून, मंगळवार

गेले वर्षभर आम्ही घरगुती खेळासाठी जी नऊ चित्रे वापरत होतो, ती आज एकेक करून तपासली. एकाचाही परवाना दाखवता येत नाही. सर्वांच्या आवडीचे तांडेलाचे चित्र, ज्यात भिजलेले मुंडासे आणि मागे काळवंडलेले आभाळ आहे, ते चित्रावरून शोध घेतल्यावर एका परदेशी चित्रकाराच्या संग्रहात मिळाले. सर्व हक्क राखीव असल्याचे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आम्ही ते तिसऱ्याच ठिकाणाहून उतरवून घेतले होते आणि तिथे चित्रकाराचे नावही नव्हते. घरात चार जणांत वापरलेली गोष्ट छापून वाटण्याच्या तयारीत आपण होतो, हे लक्षात आल्यावर मला फार अस्वस्थ वाटले. चित्रकाराला पत्र लिहून परवानगी विचारली आहे. उत्तर येईपर्यंत नऊही चित्रे सामायिक फोल्डरमधून काढून टाकली.

२२ जून, रविवार

दिवसभर पाऊस होता आणि वीज तीनदा गेली, पण परवान्यांच्या निकषांवर सर्वांचे एकमत झाले. पुस्तिकेची किंमत छपाईखर्चापुरतीच असली तरी पैसे घेतले जाणार आहेत. शिवाय दुसऱ्या गावातील कोणी ती पुन्हा छापून नफ्यावर विकली तरी आमची हरकत नाही. म्हणून अव्यापारी वापरापुरते मर्यादित असलेले, म्हणजे एनसी अक्षरे असलेले, कोणतेही चित्र घ्यायचे नाही. एनडी परवान्याची चित्रे बदल करून पुढे वाटता येत नाहीत, आणि आम्हाला तर पत्त्याच्या मापात कापून रंग बदलावे लागणार. तीही बाद. उरले सीसी झिरो (कर्त्याने सर्व हक्क सोडलेली), सीसी बाय (श्रेय देऊन वापरायची), सीसी बाय-एसए आणि प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, मुदत संपलेली चित्रे. बाय-एसए चित्रात बदल केला तर बदललेले चित्र त्याच परवान्याखाली द्यावे लागते. ही अट आम्हाला जाचक वाटत नाही, उलट आम्हालाही तेच हवे आहे.

परवान्याचे अक्षर पाहून थांबायचे नाही, असाही नियम केला. ज्याचे चित्र नाही त्याने ते चढवून त्यावर खुला परवाना लावला, तर तो परवाना फोल असतो. म्हणून चित्र चढवणाऱ्याची इतर चित्रे पाहायची, मूळ कुठे आहे ते शोधायचे, आणि तपासणीच्या दिवशी त्या पानाची प्रत जतन करायची. प्रत ठेवण्याला आणखी एक कारण आहे. काही छायाचित्र-संग्रहांनी आपल्या अटी मधेच बदलल्या आहेत : अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये सीसी झिरो सोडून स्वतःचे परवाने आणले. आधी दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही, पण तो दिला होता हे दाखवता आले पाहिजे.

२९ जून, रविवार

खेळांसाठीच तयार केलेल्या खुल्या चित्रांचे संग्रह पाहिले. ओपनगेमआर्टवर प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा आहे. बॅटल फॉर वेसनॉथ या मुक्त संगणकीय खेळातील व्यक्तिचित्रे उत्तम आहेत, परंतु ती एल्फ, बुटके योद्धे आणि चिलखती सरदार यांची आहेत. आमच्या बंदरात त्यांना जागा नाही. गेम-आयकॉन्स या संग्रहातील एकरंगी चिन्हे मात्र कामाची ठरली. ती सीसी बाय ३.० खाली मिळतात, आणि नांगर, दोर, कंदील, औषधी वनस्पती, तोफ ही पाच चिन्हे घेतली. प्रत्येकाच्या चित्रकाराचे नाव नोंदवहीत उतरवले.

५ जुलै, शनिवार

आजचा दिवस सार्थकी लागला. भारतात चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्या हिशेबाने राजा रविवर्मा (मृत्यू १९०६) यांची चित्रे कधीच मुक्त झाली आहेत, आणि महादेव विश्वनाथ धुरंधर (मृत्यू १९४४) यांची १ जानेवारी २००५ पासून. रविवर्म्यांच्या देवदेवता आणि नायिका आमच्या खेळाला उपयोगी नाहीत, पण धुरंधरांनी रस्त्यावरची माणसे काढली आहेत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या मुंबईविषयक पुस्तकातील आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातील धुरंधरांची चित्रे डिजिटल स्वरूपात सहज मिळतात. दोन्ही पुस्तके १९२९ अखेरच्या आधी प्रकाशित झालेली असल्याने अमेरिकेतही ती मुक्त आहेत. आमची पुस्तिका आंतरजालावर ठेवल्यावर ती तिकडेही वाचली जाईल, त्यामुळे ही खात्री आवश्यक होती. धुरंधरांनी नंतरच्या काळात प्रकाशित केलेल्या चित्रांबाबत अमेरिकेत हिशेब वेगळा होतो, कारण तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजली जातात. म्हणून ती बाजूला ठेवली.

रॉथफेल्ड यांच्या पुस्तकातील चित्रे पाहताना मला आनंद झाला आणि काही वेळाने थोडी बोचही लागली. नेसण्याची पद्धत, कासोटा, दागिने, डोक्यावरची पाटी यांत धुरंधरांची नजर अचूक आहे. पण त्या स्त्रिया तिथे उभ्या आहेत त्या अमुक जातीचा नमुना म्हणून, आणि चित्राखालची ओळही तसेच सांगते. आमची गाबतीण सावकाराशी भांडून भावाचे गलबत सोडवून आणणारी बाई आहे. तिला नमुन्याचा चेहरा चालेल का, हा प्रश्न मी सर्वांपुढे ठेवला आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. तरीही एक नोंद करणे भाग आहे, कारण आज एक मोठी चूक टळली. आमच्यातील एकाने गुरवाच्या मुलीच्या पात्रासाठी हातात समई घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र सुचवले, आणि रविवर्म्यांचे म्हणजे मुक्तच, असे लिहिले. ते चित्र रविवर्म्यांचे नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात जन्मले. त्यांचे निधन १९६८ मध्ये झाले, त्यामुळे भारतात त्या चित्राचा प्रताधिकार २०२८ अखेरपर्यंत आहे. नाव चुकीचे लागले म्हणून मुदतही चुकीची धरली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला मिळाले नसते. आपल्या मातीतल्या चित्रकाराचे श्रेय निदान आपण तरी दुसऱ्याला देऊ नये, असे मी गटात जरा कडक शब्दांत लिहिले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

१३ जुलै, रविवार

शस्त्रे मिळाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडील प्रताधिकारमुक्त वस्तूंची छायाचित्रे सीसी झिरो खाली खुली केली. त्यांत भारतीय कट्यारी भरपूर आहेत आणि पट्टेही आहेत. इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. सपाट चित्राचे हुबेहूब छायाचित्र काढले तर अनेक देशांत त्या छायाचित्रावर नवा हक्क निर्माण होत नाही. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल या निकालापासून हे मान्य आहे. कट्यार मात्र सपाट नाही. प्रकाश कुठून घ्यायचा, कोन कोणता ठेवायचा, हे छायाचित्रकार ठरवतो, म्हणून वस्तू तीनशे वर्षे जुनी असली तरी तिच्या छायाचित्राचा परवाना स्वतंत्रपणे पाहावाच लागतो. ब्रिटिश म्युझियमच्या आंतरजालावरील छायाचित्रांना सीसी बाय-एनसी-एसए परवाना आहे, त्यामुळे तिथल्या चांगल्या वस्तू आम्ही घेतल्या नाहीत.

तांडेलाच्या चित्रकाराचे उत्तर आले. नम्र नकार आहे. आभार मानून पत्र पाठवले.

१९ जुलै, शनिवार

पोर्तुगीज तोफची, फिरंगी अधिकारी आणि अरब व्यापारी यांच्यासाठी यान हाउघेन फान लिन्सखोटेन यांचा प्रवासग्रंथ पाहिला. हा डच माणूस १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता आणि त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातील तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांत गोव्याचा बाजार, पालखीतले फिरंगी, व्यापारी आणि गलबते आहेत. आमच्या कथेच्या शतकभर आधीचा काळ असला तरी फिरंग्यांचे पोशाख थोडे बदलून चालतील. प्रती ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहातून मोठ्या आकारात घेतल्या. काही प्रतींवर नंतर कोणीतरी हाताने रंग चढवला आहे, आम्ही बिनरंगी प्रतीच घेतल्या.

वैद्याच्या पात्रासाठी १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रकाशित झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मधील वनस्पतींची चित्रे निवडली. या ग्रंथाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. डच अधिकाऱ्याच्या नावाने निघालेल्या या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ज्ञान देणाऱ्यांची नावेही छापली आहेत : इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोचीनचे तीन कोकणी वैद्य. त्या तिघांचे कोकणीतील प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा श्रेयनिर्देश पाहून मी आमच्या वैद्याच्या पत्त्यामागे त्या चौघांची नावे छापायची ठरवली. मुदत संपलेल्या चित्राला श्रेय देण्याचे कायदेशीर बंधन नाही. तरीही नावे छापायचीच.

आतापर्यंत बावीसपैकी नऊ पात्रांना उपयोगी पडेल असे काही हाती आले आहे. त्या नऊंपैकी सहा बाहेरून आलेली माणसे आहेत. फिरंगी, अरब आणि डच वखारवाला यांना चेहरे मिळाले, पण तांडेल, गुरव आणि देवचार यांना मिळाले नाहीत. जे कायद्याने मुक्त आहे त्यात बहुतेक परक्यांनी पाहिलेला किनारा आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी स्वतःला पाहिले ते फार थोडे त्यात सापडते.

२७ जुलै, रविवार

विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर आमच्याच भागातील एका वृद्ध मच्छीमाराचे छायाचित्र सीसी बाय-एसए ४.० खाली मिळाले. छायाचित्रकाराचा स्वतःचा संग्रह तिथे आहे, मूळ मोठ्या आकाराचे आहे, परवान्यात काही खोट नाही. आम्ही ते चाच्यांना फितूर झालेल्या खलाशासाठी निवडले आणि गटात टाकले, तेव्हा आमच्यातील एकीने लगेच ओळखले : हे तर तिच्या आजोळच्या वाडीतले आजोबा.

खुला परवाना छायाचित्रकाराचा प्रताधिकार मोकळा करतो, पण छायाचित्रातल्या माणसाची संमती त्यात येत नाही. हे मी वाचले होते, पण वाडीत जाऊन आजोबांसमोर बसेपर्यंत त्याचा अर्थ पुरता कळला नव्हता. त्यांना छायाचित्र दाखवले, खेळ समजावला आणि पात्र कोणते तेही लपवले नाही. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तांडेल कर, पण चोर करू नको." मी म्हटले, "आजोबा, तुम्ही सांगाल तसेच करू." जन्म दर्यावर काढलेल्या माणसाचा चेहरा आपण फितुराला देणार होतो. त्यांच्या मुलाच्या उपस्थितीत साध्या कागदावर संमती लिहून घेतली आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवली. तांडेलाला चेहरा मिळाला, आणि तो जूनमध्ये हुकलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक आमचा आहे.

आमच्यातील चित्रकार मैत्रीण या छायाचित्रावरून शाईचे रेखाटन करणार आहे. छायाचित्रावरून काढलेले रेखाटन हे रूपांतर ठरते, त्यामुळे तेही बाय-एसए ४.० खालीच द्यावे लागेल आणि छायाचित्रकाराचे नाव तिच्या नावाच्या आधी येईल. तिला हे मान्य आहे.

१० ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा झाली. गाबतिणीच्या प्रश्नावर निर्णय झाला : धुरंधरांच्या चित्रातून लुगड्याची नेसण आणि पाटी घ्यायची, चेहरा आणि उभे राहण्याची ढब नव्याने काढायची. श्रेयओळीत "धुरंधर यांच्या चित्रावर आधारित, बदलांसह" असे लिहायचे. संगणकाकडून चित्रे बनवून घ्यावीत असाही प्रस्ताव आला होता. मी विरोध केला, कारण ज्या चित्रामागे कोणाची चित्रे वापरली गेली हे सांगता येत नाही, त्याचे श्रेयपान आपण लिहिणार कसे? प्रस्ताव मागे घेतला गेला.

१७ ऑगस्ट, रविवार

कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा जुनी आहे. पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. दशावतारी नट, देवचार आणि गिऱ्हा यांच्यासाठी त्या शैलीतील चेहरे मिळाले तर खेळाला आपली भाषा मिळेल, असे आम्हाला फार दिवसांपासून वाटत होते. जुन्या पोथ्यांची काही छायाचित्रे आंतरजालावर आहेत, आणि चित्रकार अज्ञात व काळ जुना असल्याने कायद्याने कदाचित कोणी अडवणार नाही. पण पोथ्या जपणारी माणसे तासाभराच्या अंतरावर राहत असताना त्यांना न विचारता घेणे मला पटेना.

एका ज्येष्ठ कलाकारांनी ओटीवर बसवून घेतले. मी फोनवर उतरवलेली दोन चित्रे दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ह्यां खयसून हाडलंस?" मी खरे ते सांगितले. पोथीतली चित्रे खेळाच्या पत्त्यावर छापू नयेत, असे त्यांनी शांतपणे पण ठामपणे सांगितले. ती कथेसाठी आहेत आणि कथेच्या वेळीच बाहेर काढायची असतात. "काका, मग नवीन काढून द्याल का?" असे विचारल्यावर मात्र ते मोकळे झाले. गिऱ्हा पोथीत नसतो, पण त्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या आहेत, असे म्हणून त्यांनी रात्री वाटसरूला भुलवून पाण्यात नेणाऱ्या त्या भुताविषयी अर्धा तास सांगितले.

परवान्याचे बोलणे लांबले आणि ते लांबायलाच हवे होते. खुला परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, उद्या कोणी ते चित्र कपड्यावर छापून विकेल आणि त्याचे पैसे तुमच्याकडे येणार नाहीत, फक्त नाव द्यावे लागेल, हे मी दोनदा सांगितले. घरात विचार करून त्यांनी असा तोडगा काढला : दशावतारी नट आणि देवचार ही दोन चित्रे बाय-एसए खाली, आणि गिऱ्ह्याबद्दल नंतर कळवतील. मानधन त्यांनी सांगितले तेवढे ठरले, कमी करण्याचा प्रश्नच नव्हता. खुल्या परवान्याचे चित्र म्हणजे फुकट काढलेले चित्र नव्हे, हे आमच्या हिशेबाच्या वहीत मी पहिल्या ओळीला लिहिले.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. काम थांबवले.

१४ सप्टेंबर, रविवार

चित्रकथी शैलीतील दोन्ही चित्रे आली. दशावतारी नटाचा मुकुट आणि बाजूने दिसणारा मोठा डोळा पाहून सगळे काही क्षण गप्पच झाले. चित्रकार मैत्रिणीची नऊ रेखाटने पूर्ण झाली. त्यांपैकी तांडेल छायाचित्रावरून, गाबतीण धुरंधरांवरून आणि उरलेली सात सर्वस्वी तिची आहेत.

श्रेयपान आज लिहिले. प्रत्येक चित्रासाठी नाव, कर्ता, मूळ ठिकाण, परवाना आणि आम्ही केलेला बदल अशी माहिती दिली आहे. ४.० आवृत्तीत चित्राचे नाव देणे बंधनकारक नाही, पण बदल केला असल्यास तसे सांगणे बंधनकारक आहे. म्हणून "कापले", "रंग काढला", "आरसाप्रतिमा केली" असे नेमके शब्द वापरले. एखादे श्रेय चुकून सुटले, तर चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केल्यास ४.० परवान्याखालील हक्क आपोआप परत मिळतात. पण छापील पुस्तिकेत दुरुस्ती करणे अवघड, म्हणून पान तिघांनी वेगवेगळे तपासले. गेम-आयकॉन्सच्या एका चिन्हाला मी दुसऱ्याच चित्रकाराचे नाव लावले होते, ते सापडले.

२१ सप्टेंबर, रविवार

कुडाळच्या छापखान्यातून नमुना प्रत आली. लिन्सखोटेनच्या ग्रंथातील चित्रांच्या बारीक रेघा पत्त्याच्या आकारात एकमेकींत मिसळल्या आहेत, त्यामुळे पूर्ण दृश्याऐवजी एकेकच आकृती कापून मोठी करावी लागेल. तांडेल सुरेख आला आहे. ती प्रत घेऊन उद्या आजोबांकडे जायचे आहे.

मैत्रिणीची नऊ रेखाटने बाय-एसए ४.० खाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवली. वर्णन मराठीतच लिहिले आणि शोधणाऱ्याला सापडावीत म्हणून त्यात तांडेल, गाबतीण, गुरव हे शब्द जसेच्या तसे ठेवले. पिंगुळीची दोन चित्रे काकांनी स्वतः पाहून होकार दिल्यावर चढवायची आहेत. गिऱ्ह्याबद्दल अजून त्यांचा निरोप नाही. त्या पत्त्यावर सध्या चौकट आणि खाली पाण्याची एक रेघ एवढेच आहे, आणि निरोप आला नाही तर पत्ता तसाच छापला जाईल.